दीडशे ऑपरेशन्सच्या कॅम फाइलमध्ये नेमकं ऑपरेशन सापडत नाही, तेव्हा काय काय तपासायचं

लक्षणं

• ऑपरेटर फोनवर टूल नंबर आणि खोली सांगतो. तुम्ही कॅममध्ये (टूलने कुठून कसं कापायचं ते आखणारं सॉफ्टवेअर) ट्री, म्हणजे ऑपरेशन्सची यादी (एका टूलचं एक काम म्हणजे एक ऑपरेशन), वरखाली स्क्रोल करत राहता आणि तेवढा वेळ मशीन उभं.
• ट्रीमध्ये एकाच नावाची पाच-सहा ऑपरेशन्स आहेत आणि प्रत्येकाच्या शेपटीला ‘कॉपी’, ‘कॉपी-कॉपी’, ‘कॉपी-कॉपी-१’ लागलंय.
• शोधाच्या चौकटीत शब्द टाकला की एकतर काहीच येत नाही, नाहीतर चाळीस ओळी येतात.
• मशीनवरच्या फाइलमध्ये जे चाललंय, ते कॅममध्ये कुठेच दिसत नाही.
• ऑपरेशन सापडलं, दुरुस्त केलं, पोस्ट केलं (म्हणजे मशीनच्या भाषेतली एनसी फाइल काढली), पाठवलं, आणि जॉबवर तोच दोष पुन्हा आला.

यातलं शेवटचं लक्षण सगळ्यात महागात पडतं. बाकीच्यांत वेळ जातो, यात जॉब जातो.

मी पुण्यात भोसरीच्या पट्ट्यात प्लास्टिक मोल्डच्या टूलरूमसाठी प्रोग्रामिंग करते. कोअर, कॅव्हिटी, स्लायडर, लिफ्टर, इन्सर्ट असा मोल्डच्या भागांचा सगळा संसार एका फाइलमध्ये आला की दीडशे-पावणेदोनशे ऑपरेशन्स सहज होतात. काही वर्षांपूर्वी दोन कॅव्हिटीच्या एका मोल्डचा पहिला कोअर मशीनवर होता. सेकंड शिफ्टच्या दादांचा फोन आला, ‘मॅडम, चौदा नंबरचं टूल शटऑफवर खोल गेलंय.’ शटऑफ म्हणजे मोल्डचे दोन भाग एकमेकांना टेकून बंद होतात ती जागा. मी चौदा नंबरचं ऑपरेशन शोधलं, त्यातला स्टॉक (न कापता ठेवायचा थर) वाढवला, पोस्ट करून पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुसरा कोअर लागला आणि त्याच जागी तशीच ०.३ मिलिमीटरची रेघ पडली. चौदा नंबरने काहीच केलं नव्हतं. खोल गेलं होतं ते तेरा नंबर. दोन्ही कोअर लेझर वेल्डिंग करून पुन्हा मारावे लागले. तेराच्या जागी चौदा का ऐकू आलं, ते पुढे पाचव्या तपासणीत सांगते, कारण ही चूक आजही अनेक ठिकाणी होताना बघते.

तपासण्या सोप्या आणि फुकटातल्यांपासून अवघड आणि वेळखाऊंकडे अशा क्रमाने लिहिल्या आहेत. क्रम मोडू नका. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच काम होतं.

१. फाइल उघडण्याआधी ऑपरेटरकडून चार गोष्टी घ्या

आपण ऑपरेशन नावाने शोधतो, आणि ऑपरेटरला नाव माहीतच नसतं. त्याच्यापुढे प्रोग्राम नंबर असतो, टूल असतं, पोझिशन असते आणि चालू ब्लॉक असतो. तेव्हा शोधाला सुरुवात त्याच्याकडे जे आहे त्यावरून व्हायला हवी.

त्याला सांगा, ‘दादा, रिसेट मारू नका. होल्डवरच ठेवा आणि स्क्रीनचे दोन फोटो पाठवा.’ एक फोटो प्रोग्रामच्या स्क्रीनचा, चालू ओळ दिसेल असा. दुसरा पोझिशनचा. रिसेट मारला की अनेक कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) कर्सर प्रोग्रामच्या सुरुवातीला उडी मारतो आणि सगळ्यात मोठा धागा हातचा जातो. तिसरी गोष्ट, स्पिंडलमध्ये प्रत्यक्ष कोणतं टूल आहे ते डोळ्यांनी बघून सांगायचं: बॉलनोज (गोल टोकाचा) की बुलनोज (सपाट टोकाचा, कडा गोल), अंदाजे किती डाय. चौथी, जॉबवर दोष नेमका कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो, बोट ठेवून.

पोझिशनच्या फोटोत एक गोष्ट आधी बघा. फॅनुक कंट्रोलच्या पोझिशन पानावर अ‍ॅब्सोल्यूट, रिलेटिव्ह आणि मशीन असे वेगवेगळे आकडे असतात. ऑपरेटर फोनवर ‘झेड उणे चारशे अठरा’ म्हणाला, तर तो मशीन कोऑर्डिनेट वाचतोय. तो आकडा तुमच्या कॅममध्ये कुठेच सापडणार नाही, कारण त्यात वर्क ऑफसेट (जॉबच्या शून्याची जागा) आणि टूलची लांबी मिसळलेली असते. तुम्हाला हवा तो अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे उणे ३२.५ सारखा. सोबत चालू ऑफसेट जी५४ आहे की जी५५, तेही वाचून घ्या. एका फाइलमध्ये दोन सेटअप असले की खोलीचा तोच आकडा दोन्हीकडे असू शकतो.

२. उघडलेली फाइल तीच आहे का

ऐकायला साधं वाटतं, पण इथेच बऱ्याचदा उत्तर मिळतं. एकाच फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल२’ आणि ‘फायनल-करेक्शन’ अशा तीन फाइल पडलेल्या असतात. मशीनवरच्या एनसी फाइलची तारीख-वेळ बघा आणि कॅम फाइल शेवटची कधी सेव्ह झाली ते बघा. कॅम फाइल एनसीच्या नंतर सेव्ह झाली असेल, तर मशीनवर चाललेलं ऑपरेशन मधल्या काळात बदललं, सरकलं किंवा डिलीट झालेलं असू शकतं. अशा वेळी ट्रीमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही. आधी एनसीच्या वेळेची बॅकअप प्रत उघडा.

अनेक पोस्ट (कॅममधला पाथ मशीनच्या कोडमध्ये बदलणारे प्रोग्राम) एनसी फाइलच्या पहिल्या काही ओळींत तारीख आणि कॅम फाइलचं नाव कंसात छापतात. तुमच्या पोस्टमध्ये ते येत असेल तर ती ओळ कधीही पुसू नका.

३. ट्री पूर्ण दिसतेय का

ऑपरेशन गायब झालंय असं वाटतं, पण ते फक्त डोळ्याआड असतं. गट मिटलेला असतो, फिल्टर लागलेला असतो, किंवा ऑपरेशन भलत्याच गटात जाऊन बसलेलं असतं.

मास्टरकॅम या कॅम सॉफ्टवेअरमध्ये लाल बाण जिथे असेल तिथे नवं ऑपरेशन जाऊन पडतं. बाण आदल्या दिवशी पहिल्या सेटअपच्या गटात राहिला असेल, तर आज केलेलं तिसऱ्या सेटअपचं फिनिशिंग तिथे सापडेल. तसंच, एखाद्या ऑपरेशनचं पोस्टिंग बंद केलेलं असलं तर ते ट्रीमध्ये आहे पण एनसीत नाही, अशी अवस्था येते. त्याच्यावर भुताचं चिन्ह असतं.

एनएक्स या कॅममध्ये ऑपरेशन नेव्हिगेटरच्या (तिथल्या ट्रीच्या) रिकाम्या जागेत राइट क्लिक करून आधी सगळे गट उघडा, मग तिथल्याच शोधाच्या पर्यायात नावाचा तुकडा टाका. प्रोग्राम ऑर्डरच्या दृश्यात ‘न वापरलेले’ म्हणून जो गट असतो तोही उघडून बघा. कॉपी-पेस्ट करताना कितीतरी ऑपरेशन्स तिथे उतरतात आणि महिनोन् महिने पडून राहतात.

पॉवरमिल या कॅममध्ये टूलपाथची (टूलच्या मार्गांची) यादी वेगळी आणि एनसी प्रोग्रामची वेगळी. मशीनवर गेलेलं शोधायचं असेल तर टूलपाथच्या यादीत शिरूच नका, थेट त्या एनसी प्रोग्रामचं झाड उघडा. आत तेवढेच पाथ, मशीनवर गेलेल्या क्रमाने मिळतात.

४. नावाने नाही, टूलने बघा

एनएक्समध्ये नेव्हिगेटरची चार दृश्यं आहेत: प्रोग्रामचा क्रम, मशीन टूल, भूमिती आणि मशीनिंगची पद्धत. ऑपरेशन्स तीच, मांडणी वेगळी. बरेच जण आयुष्यभर पहिल्याच दृश्यात काम करतात. मशीन टूलच्या दृश्यात गेलात की प्रत्येक टूलखाली त्या टूलने केलेली सगळी ऑपरेशन्स एकत्र दिसतात. एकशे साठातून शोधायचं ते बारातून शोधायचं होतं. भूमितीचं दृश्य सेटअप वेगळे करायला चांगलं: कोणतं ऑपरेशन कोणत्या कोऑर्डिनेट सिस्टीमखाली आहे ते लगेच कळतं.

मास्टरकॅममध्ये टूलपाथ मॅनेजरमध्ये राइट क्लिक केलं की निवडीची खिडकी मिळते. तिथे टूल नंबर दिला की तेवढीच ऑपरेशन्स निवडली जातात. मग ‘फक्त निवडलेले टूलपाथ दाखव’ हे बटण दाबा आणि बाकीचं जंगल पडद्यावरून घालवा.

एक फार उपयोगाची गोष्ट. एनएक्सची ही सगळी यादी स्प्रेडशीटमध्ये काढता येते. आधी टूल, टूल नंबर, वेळ, स्टॉक असे कॉलम चालू करा, मग यादी बाहेर काढा आणि एक्सेलचा फिल्टर लावा. बाकीच्या कॅममध्ये सेटअप शीट काढली तरी तेच काम होतं. मी प्रत्येक मोठ्या जॉबची अशी यादी एनसी फाइल्सच्या शेजारीच ठेवते. रात्री फोन आला तर कॅम न उघडताही अर्धं उत्तर देता येतं.

इथे एक गोष्ट तपासायला विसरू नका: एकाच टूल नंबरची दोन टूल तर नाहीत ना? जुन्या जॉबमधून ऑपरेशन्स उचलून आणली की त्यांच्यासोबत त्यांची टूलही येतात. मग ट्रीमध्ये टी१४ म्हणून १० डायचा बॉलनोजही असतो आणि १० डायचा, १ रेडियसचा बुलनोजही. फिल्टरला दोन्ही चौदाच. म्हणून पहिल्या पायरीत ऑपरेटरला टूल डोळ्यांनी बघायला सांगितलं.

५. एनसी फाइलमधून उलटं मागे या

एवढ्यावर सापडलं नाही, किंवा सापडलंय पण खात्री नाही, तर सगळ्यात भरवशाचा रस्ता हा आहे. मशीनवर चाललेली फाइल खोटं बोलत नाही. ती नोटपॅड प्लस प्लस किंवा सिम्को एडिट अशा एडिटरमध्ये उघडा. मशीनवरूनच परत घेतलेली प्रत असेल तर उत्तम, कारण ऑपरेटरने कधी फीड, कधी झेड जागेवरच बदललेला असतो.

आता तेरा-चौदाचा घोळ. फॅनुकसारख्या कंट्रोलवर टूल बदलाची ओळ टी१३ एम०६ अशी असते. वेळ वाचावा म्हणून बहुतेक पोस्ट त्याच्या लगेच पुढे टी१४ असं एकटंच छापतात. त्यामुळे तेरा नंबर कापत असतानाच मॅगझिन (मशीनमधला टूलचा साठा) चौदा नंबर तयार करून ठेवतं. पण टी हा शेवटी दिलेला कोड असल्यामुळे स्क्रीनवर टीसमोर १४ दिसतं, आणि स्पिंडलमध्ये असतं १३. त्या रात्री दादांनी स्क्रीन वाचली आणि मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. दोघांचंही वागणं बरोबर होतं, तपासणी मात्र कुणीच केली नाही. आता मी टी विचारतच नाही, एच विचारते. जी४३ (टूलची लांबी लागू करणारा कोड) सोबत जो एच नंबर चालू असतो तो कापणाऱ्या टूलच्या लांबीचा असतो. एच१३ असेल तर तेरा कापतंय, टीसमोर काहीही दिसो. फक्त तुमच्याकडे एच आणि टी नंबर सारखे ठेवायची पद्धत आहे ना, ते बघून घ्या.

याच कारणाने एनसी फाइलमध्ये नुसतं ‘टी१४’ शोधू नका. दोन-दोन जागा सापडतील आणि त्यातली पहिली चुकीची असेल. ‘एम०६’ शोधा, आणि नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘पूर्ण फाइलमधले सगळे शोध’ हा पर्याय वापरा. खाली सगळ्या टूल बदलांची यादी ओळ क्रमांकासह उभी राहते. काही पोस्ट शून्य न लावता ‘एम६’ छापतात, म्हणून काहीच आलं नाही तर तेही टाकून बघा. हायडेनहाइन कंट्रोलवर काम करणाऱ्यांचं हे काम सोपं आहे, तिथे टूल कॉलच्या ओळीतच टूल नंबर, अक्ष आणि आरपीएम एकत्र मिळतात.

चालू ओळीचा फोटो असेल तर आणखी थेट जाता येतं. त्या ओळीतला एक्स आणि वाय जसाच्या तसा टाइप करून शोधा. तीन दशांश स्थळांचे दोन आकडे एकत्र आले की फाइलमध्ये ती ओळ सहसा एकदाच सापडते. तिथे कर्सर ठेवा आणि आता वरच्या दिशेने कंसातली कॉमेंट शोधा. पहिली जी भेटेल ती त्या ऑपरेशनची.

नुसत्या झेडवरून शोधताना दोन अडचणी येतात. पहिली, उणे ३२.५ कसं छापलंय ते पोस्टवर अवलंबून असतं: काही पोस्ट ३२.५ लिहितात, काही ३२.५००. म्हणून शेवटची शून्यं न टाकता शोधा. दुसरी अडचण मोठी आहे. झेड बदलला नाही तर तो पुन्हा छापला जात नाही. झेड-लेव्हल फिनिशिंगमध्ये एका पातळीवर झेड एकदा येतो आणि मग शेकडो ओळी नुसत्या एक्स-वायच्या असतात. तुम्ही त्या ओळींच्या मध्यात असाल तर झेड वर कुठेतरी असेल. पॅरलल फिनिशिंगमध्ये उलट, प्रत्येक ओळीत झेड वेगळा, आणि उणे ३२.५ नेमका कधी येणारच नाही. तिथे एक्स-वायचाच आधार घ्या.

एन क्रमांकावर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या नंबरवर, मी फार विसंबत नाही. काही पोस्ट तो फक्त टूल बदलताना देतात, काही प्रत्येक ऑपरेशनला नव्याने सुरू करतात. एकत्र जोडलेल्या फाइलमध्ये तोच एन तीनदा सापडतो.

आणि वर शोधत गेल्यावर कॉमेंटच भेटली नाही तर? मग हीच तुमची मूळ दुरुस्ती आहे. प्रत्येक ऑपरेशनच्या सुरुवातीला त्याचं नाव कंसात छापलं गेलंच पाहिजे. बऱ्याच पोस्टमध्ये हा पर्याय तयार असतो, फक्त चालू करायचा. नसेल तर काय करायचं ते शेवटी सांगितलंय. कॉमेंटच्या नावात आणखी कंस येऊ देऊ नका. फॅनुक पहिला बंद कंस आला की कॉमेंट संपली असं धरतो आणि उरलेली अक्षरं कोड म्हणून वाचायला जातो, अलार्म येतो. सिमेन्स आणि हायडेनहाइनवर कॉमेंटला अर्धविराम लागतो, कंस नाही. देवनागरी अक्षरं नावात घालू नका, कंट्रोलला ती कळत नाहीत.

६. जागा माहीत आहे, बाकी काहीच नाही

कधीकधी जॉब मशीनवरून उतरलेला असतो. क्वालिटीवाले एका कोपऱ्यावर मार्कर फिरवून आणतात, ‘इथे कोणी खाल्लं?’ टूल नंबर नाही, ब्लॉक नाही, काही नाही.

तेव्हा मॉडेलमध्ये त्या जागेवर अगदी जवळ झूम करा. आता ट्रीतली अर्धी ऑपरेशन्स निवडून त्यांचेच पाथ दाखवा. त्या जागेवरून रेघ जाते का? जात असेल तर ती अर्धी ठेवा, नसेल तर दुसरी अर्धी घ्या. पुन्हा अर्धी. एकशे साठ, ऐंशी, चाळीस, वीस, दहा, पाच, तीन, दोन, एक. आठ वेळा बघितलं की संपलं. एकेक ऑपरेशन उघडून बघायला तास जातो, याला पाच-सात मिनिटं पुरतात.

मात्र त्या जागेवरून रफिंग, सेमी, रेस्ट (आधीच्या टूलने सोडलेलं कापणारा) आणि फिनिश असे चारही पाथ जात असतात, म्हणून सरळ अर्ध्याऐवजी आधी पद्धतीने वेगळं करा. दोषाची खूण बघा: खाचेच्या तळाला गोलाई आहे की कोपरा? पायऱ्या किती अंतरावर आहेत? बॉलनोजने खाल्लेली जागा आणि इन्सर्ट कटरने खाल्लेली जागा नखाने चाचपली तरी वेगळी लागते. त्या रेघेला तळाशी गोलाई होती. चौदा नंबर बुलनोज होता आणि तेरा बॉलनोज. मी जॉब हातात घेऊन बघितला असता तर दुसरा कोअर वाचला असता.

सापडलेल्या ऑपरेशनचं बॅकप्लॉट करा (पाथ पडद्यावर टूलसह चालवून बघा) आणि टूल त्या जागी आणून थांबवा. पडद्यावरचे एक्स, वाय, झेड ऑपरेटरच्या फोटोशी जुळले, तरच म्हणा की सापडलं.

७. सापडलंय, पण चालू प्रत हीच का

कॉपींमधून एक निवडायची वेळ आली की चिन्हं वाचा. एनएक्समध्ये हिरवी बरोबरची खूण म्हणजे पाथ तयार आहे आणि पोस्टही झालाय. पिवळं उद्गारचिन्ह म्हणजे पाथ तयार आहे, पण पोस्ट झालेला नाही किंवा पोस्टनंतर बदललाय. लाल वर्तुळ म्हणजे पाथ पुन्हा काढायचाय. मशीनवर चाललेलं ऑपरेशन पिवळं असेल तर सावध व्हा: फाइलमध्ये आहे ते आणि मशीनवर आहे ते आता एकसारखं नाही. मास्टरकॅममध्ये जुना झालेला पाथ लाल फुलीने कळतो, आणि राइट क्लिकमधून असे सगळे एकदम निवडता येतात.

शंका राहिली तर ते एकटंच ऑपरेशन वेगळ्या नावाने पोस्ट करा आणि मशीनवरच्या फाइलमधल्या त्याच तुकड्याशी ताडून बघा. पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा ओळी जुळल्या तरी पुरतं. हे दोन मिनिटांचं काम मी आता एकदाही टाळत नाही.

८. नावं

सगळ्या फाइलची नावं एका बैठकीत बदलायला बसू नका. कंटाळा येतो आणि अर्ध्यावर सुटतं. जे ऑपरेशन शोधायला त्रास झाला त्याचं नाव तिथल्या तिथे नीट करा. तीन महिन्यांत सगळे टेम्पलेट आपोआप सुधारतात.

माझ्या नावात चार तुकडे असतात: सेटअप, टूलचा आकार, काम, जागा. म्हणजे दुसरा सेटअप, १० डायचा बॉलनोज, फिनिश, ए-रिब. टूल नंबर नावात मुद्दाम घालत नाही. मॅगझिनमध्ये जागा बदलली की तेरा नंबर सात होतो आणि नाव खोटं ठरतं. आकार बदलत नाही. जागेची नावं मात्र ऑपरेटर जी वापरतो तीच घ्या. आम्ही कोअरचं एक चित्र काढतो, त्यावर रिबना ए, बी, सी अशी अक्षरं देतो, शटऑफ, पार्टिंग, गेट असं लिहितो आणि तो कागद मशीनच्या दाराला चिकटवतो. आता दादा फोनवर ‘सी-रिबचं फिनिश’ असंच म्हणतात, आणि शोधाच्या चौकटीत मी तेच टाइप करते.

नाव बदलण्याच्या ओघात ऑपरेशन्सचा क्रम बदलू नका. रेस्ट मिलिंग आणि शिल्लक स्टॉकवर चालणारी ऑपरेशन्स आपल्याआधीच्यांवर अवलंबून असतात. एक वर-खाली झालं की खालची सगळी जुनी होतात आणि पुन्हा काढावी लागतात, आणि काढल्यावर पाथ आधीसारखाच येईल याची खात्री नसते.

९. फाइलच जड झालीय

इथे हात घालण्याआधी बॅकअप घ्या, आणि चालू जॉब मशीनवर असताना हे करू नका.

पडद्यावर सगळे पाथ एकदम दाखवणं बंद करा, बराच फरक तिथेच पडतो. मग जुन्या चाचण्यांची ऑपरेशन्स काढा, पण पोस्ट झालेलं एकही नको. तरीही जड असेल तर सेटअपप्रमाणे किंवा इन्सर्टप्रमाणे फाइल वेगळ्या करा. एनएक्समध्ये मॉडेलची फाइल वेगळी आणि तिला असेंब्लीत घेऊन कॅमची फाइल वेगळी ठेवतात, तसं सुरुवातीपासून केलं तर कोअरच्या फाइलमध्ये स्लायडरची ऑपरेशन्स येतच नाहीत. चालू जॉब मध्येच तोडणं मात्र मला पटत नाही. पुढच्या मोल्डपासून करा.

कुठे थांबायचं

पोस्ट प्रोसेसरमध्ये नावाची कॉमेंट घालायची आहे आणि तुम्ही पोस्टला कधी हात लावलेला नाही: थांबा, ज्याने पोस्ट दिलाय त्याला बोलवा. पाच अक्षांच्या मशीनचा पोस्ट असेल तर अनुभव असला तरी एकट्याने करू नका. एका कॉमेंटच्या नादात सुरक्षित उंचीची किंवा रोटेशनची ओळ हलली तर स्पिंडल जाऊ शकतो. बदललेल्या पोस्टची पहिली फाइल झेड वर उचलून, सिंगल ब्लॉकवर, हवेत चालवूनच पास करा.

फाइल उघडताना कॅम बंद पडतं, किंवा ऑपरेशन दिसतं पण उघडल्यावर त्यातली भूमिती हरवलेली असते: सेव्ह करू नका. सेव्ह केलं की शेवटची चांगली अवस्थाही पुसली जाते. फाइलची प्रत बाजूला काढा आणि सॉफ्टवेअरच्या सपोर्ट इंजिनिअरला द्या.

ऑपरेशन सापडलं, एनसी तंतोतंत जुळतेय, बॅकप्लॉट स्वच्छ आहे, आणि तरीही जॉबवर खोल जातंय: आता कॅममध्ये शोधायचं थांबवा. टूलची लांबी, ऑफसेट, होल्डरमधून टूल सरकणं हे सेटरकडून तपासून घ्या. तिथेही काही नसेल तर मशीन सर्व्हिसवाल्यांना बोलवा. पाथमध्ये ०.१ मिलिमीटर उचलून दोष झाकू नका. पुढच्या टूलला तो दुसऱ्या जागी बाहेर येतो.

बोलावताना त्यांना हे द्या: कॅम फाइलची प्रत, मशीनवरून परत घेतलेली एनसी, स्क्रीनचे दोन्ही फोटो, दोषाचा फोटो, आणि तुम्ही आतापर्यंत काय काय तपासलं त्याच्या चार ओळी. मशीन तोवर होल्डवर नको. स्पिंडल बंद, झेड वर, आणि टूल न काढता तसंच ठेवा.